लवंगबंदी

"लवंग बंद करा" अशी नोटीस हातात पडली तेव्हा मी आधी हसले आणि मग भडकले. चोवीस वर्षं झाली मला या गल्लीत मेस चालवायला. कुणी म्हणालं पोळी जाड आहे, कुणी म्हणालं आमटीत डाळ शोधावी लागते, ते सगळं मी ऐकून घेतलं, वर दोन शब्द ऐकवलेही. पण माझ्या फोडणीत काय पडावं हे ठरवणारं अजून कुणी जन्माला आलं नव्हतं. नोटिशीत चार नावं होती. लवंग, वाळा, निलगिरी, कापूर. यांतलं काहीही मेसमध्ये शिजवू नये, जाळू नये, शिंपडू नये. खाली सही डॉ. ईशानी परचुरे, सुषुप्ती अभ्यासकेंद्र. तिथल्या पोरांचं जेवण नुकतंच माझ्याकडे लागलं होतं.

मी तशीच पदर खोचून, पिठाच्या हातांनी समोरच्या इमारतीत गेले.

"अहो डॉक्टरबाई, लवंगेशिवाय मसालेभात होतो का? तुमच्याकडे होत असेल, माझ्याकडे नाही होत!"

बाई हसली. पस्तिशीची असेल, चष्मेवाली, गोड बोलणारी. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षांची पोरं खंडीभर, अभ्यासिका तर पावलोपावली. पण ही नवी झोपशाळा निघाल्यापासून जुन्या अभ्यासिका ओस पडायला लागल्या होत्या. तिथं पोरं सकाळी चार तास वाचतात आणि दुपारी दीड तास झोपतात, एवढंच मला ठाऊक होतं. झोपायला पुण्यात यायची काय गरज, असं मी दोघाचौघांना म्हणूनही दाखवलं होतं.

"काकू, मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला हजारो बारीक दारं असतात," ती सांगायला लागली. "एखादं फक्त सोडियमचं, एखादं पोटॅशियमचं, एखादं कॅल्शियमचं. आम्ही त्यांना आयनमार्ग म्हणतो. दार उघडलं की वीजभार असलेले कण आतबाहेर करतात. तीच पेशीची वीज. आपला विचार, आठवण, दुखणंखुपणं, सगळं त्या दारांच्या उघडझापीवर चालतं."

"बरं मग?"

"झोपेत एक गंमत होते. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथं कॅल्शियमचं एक दार असं हट्टी आहे, की पेशी पुरती शांत झाल्याशिवाय ते उघडायला तयारच होत नाही. झोप लागली, पेशी शांत झाली, की मग जरासा धक्का पुरतो. दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, पेशी धडधडून उठते, शेजारणींना उठवते, आणि पुन्हा सगळ्या गप्प. हे सेकंदाला बारा-पंधरा वेळा. एखाददोन सेकंद चालतं आणि विरतं. हे बघा."

तिनं पडद्यावर एक रेघ दाखवली. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, चरख्याच्या चातीसारखी. म्हणून त्या लहरीला चातीच म्हणतात म्हणे.

"दिवसभरात जे घडतं ते तात्पुरतं मेंदूच्या एका कोपऱ्यात साठतं. ही चाती फिरते तेव्हा ते तिथून निघून वरच्या थरात कायमचं जाऊन बसतं. ज्याला चाती मिळाली ते टिकलं, नाही मिळाली ते गेलं. आमची गोळी ते कॅल्शियमचं दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवते. मग चात्या तिप्पट होतात, दणकट होतात. आणि त्यांच्यावर नेमकं काय चढवायचं ते आम्ही वासानं सांगतो. वास नाकातून त्या कोपऱ्यापर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतो ना. राज्यघटना वाचताना लवंगेचा वास, झोपेतही लवंगेचाच. मेंदू बरोबर तोच धडा उचलतो. भूगोलाला वाळा, इतिहासाला निलगिरी, अर्थशास्त्राला कापूर."

"आणि ज्याला वासच लावला नाही, ते?"

तिनं चष्मा नीट केला. "ते मागे राहतं. गोळी चालू आहे तोवर रात्रीच्या झोपेतसुद्धा सगळ्या चात्या वासवाल्या आठवणींनाच जातात. जुन्या आठवणींना धक्का नाही हं, त्या आधीच बसलेल्या आहेत. आईवडील, गाव, शाळा सगळं शाबूत. फक्त इथलं रोजचं तेवढं दुसऱ्या दिवशी राहत नाही. मुलांनी तशी सही केलेली असते."

बाईनं इतकं समजावून सांगितलं, आता काय बोलणार! नाही घालत लवंग, म्हणून मी परत आले. इथलं रोजचं म्हणजे कोण, ते मला चार-आठ दिवसांनी कळलं. इथलं रोजचं म्हणजे मी.

तुम्हाला माझी मेस आधी कशी होती ते सांगायला हवं. चाळीस पोरंपोरी आणि चाळीस तोंडं. बीडचा बुलढाण्याच्याशी भांडतोय, नांदेडची पोरगी लोणच्याची बरणीच उचलून नेतेय, कुणाला ताप आलाय म्हणून मी पेज करतेय. आमचे हे गेले तेव्हा मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी कणीक मळायला बसले, कारण चाळीस पोटांना सुतक कळत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. पण घरात आवाज होता. पास झालेली पोरं येत, सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून "काकू, पिठलं आहे का?" म्हणून ओरडत. मीही मग मुद्दाम चिडल्यासारखं करायची.

झोपशाळा आली आणि घर गप्प झालं. जेवताना बोलायचं नाही, असा तिथला नियम. नको ते डोक्यात शिरायला नको म्हणून. चाळीस जणं खाली मान घालून चावतायत, तेवढाच आवाज. गळ्यात कार्ड, कार्डावर छापलेलं, "जेवण : गाडेकर काकू, समोरचं दार." रोज दारात उभं राहून कार्ड वाचणार आणि विचारणार, "गाडेकर काकू आपणच ना?" सहा महिने जेवलेला पोरगा हे विचारतो! पहिल्यांदा मला राग आला. मग मी थट्टेवारी नेलं. एकदा म्हटलं, "नाही, मी त्यांची जाऊ." तो बिचारा "नमस्कार" म्हणाला आणि जेवायला बसला. त्या दिवशी भांडी घासताना मला रडू आलं. सरळ सांगते, मला फार एकटं वाटायचं. माणसं नसली की वाटतं तसं वाटलं असतं तर चाललं असतं. इथं चाळीस माणसं रोज माझ्या हातचं खात होती आणि मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

त्यात शिवकन्या आली. शिवकन्या डाखोरे, परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. वडील वीज मंडळात लाइनमन. पोरगी हाडकुळी, पण आवाज असा की चार घरं पलीकडे जावा. झोप उरकली की बाकीची पोरं पुन्हा वाचायला बसत. ही तीन वाजता माझ्या मागच्या दारात हजर.

"मी शिवकन्या. समोर शिकते. चहा मिळेल का हो थोडा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मी शिवकन्या. समोर शिकते." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आपली रोज नव्यानं "ये बाई, बस" म्हणायची. ती पाटावर बसून शेंगा निवडू लागायची आणि बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगायची. बँडवाल्यांचा टेम्पो नाल्यात अडकला, वरात खोळंबली, शेवटी वडिलांनी खांबावर चढायची शिडी आडवी टाकून ढोलताशे अलीकडे आणले. ती गोष्ट मी तीसेक वेळा ऐकली असेल. मग मी माझी सांगायची, माझी नणंद पापड लाटता लाटता झोपून कशी पडली आणि तिच्या गालाला पापड कसा चिकटला. पोरगी रोज पोट धरून हसायची. तिला रोज नवीनच ना! मीही रोज तितक्याच हौसेनं सांगायची. मात्र ती कप विसळून गेली, की उद्या ही आपल्याला ओळखणार नाही, एवढं एकच डोक्यात राहायचं.

डिसेंबरात मला खोकला झाला. चहात आलं टाकलं आणि हात आपसूक लवंगेच्या डबीकडे गेला. नोटीस होती, पण खरं सांगते, त्या दिवशी मी विसरले होते. त्याच भांड्यातला कपभर चहा शिवकन्येला दिला. ती प्यायली, गोष्ट सांगितली, हसली, गेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मागच्या दारात उभी. मी म्हणणार होते, ये बाई, बस. तर तीच म्हणाली, "काकू, खोकला कसाय तुमचा?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हे गेल्यापासून, खोकला कसा आहे, असं मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंचं बोलणं माझ्या चांगलं लक्षात होतं, त्यामुळे काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. लवंगेच्या वासाला राज्यघटना बांधलेली, त्याच वासाला मी बांधली गेले होते. दुपारी ती लवंगेच्या वासात झोपली, चात्या फिरल्या आणि त्यांच्यावर बसून मीही आत पोचले.

मी डबी वरच्या फळीवर ठेवून दिली. पुढचे दोन दिवस लवंग घातली नाही. तिसऱ्या दिवशी शिवकन्या आली आणि कालचं परवाचं काही तिला आठवेना. खोकल्याचं मात्र आठवत होतं. मी स्टुलावर चढले आणि डबी काढली. आता हे चुकून नव्हतं.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते म्हटलं तरी चालेल. पोरगी हक्कानं मागच्या दारानं आत यायची. साखर कुठं, चहापत्ती कुठं, तिला ठाऊक. माझ्या नणंदेची गोष्ट मी सुरू केली की "झाली की ती, पापडाची! दुसरी सांगा," म्हणून मला गप्प करायची. इतकं बरं वाटायचं ते ऐकून! एकदा माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. एकदा मी अंगावर पाणी सांडून घेतलं तर मलाच ओरडली, "काय करायलात काकू, नीट धरा की!" चहात लवंग आहे हे तिला वेगळं कळायचं कारणच नव्हतं, सकाळभर त्याच वासात बसून तिचं नाक मेलेलं असायचं.

मनात पाल चुकचुकत होती. म्हणून एकदा मेसच्या बिलाचं निमित्त काढून डॉक्टरबाईंकडे गेले आणि विचारलं, "एकाच वासाला दोन आठवणी बांधल्या तर काय होतं हो?"

"भांडतात काकू," ती म्हणाली. "चात्या शेवटी मोजक्याच. ज्या आठवणीत माया असते, भीती असते, ती पुढे घुसते. कोरडं पुस्तक मागे पडतं. म्हणून तर तुम्हाला नोटीस दिली. का हो?"

"सहजच," मी म्हटलं.

ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. घरी येऊन स्वतःला दोन शिव्याही दिल्या. आणि तीन वाजता चहात लवंग टाकली. शहाणी पोरगी आहे, होईल पास, एवढ्यानं काय बिघडतंय, असं मी मनाला समजावत होते. समजावायला फार वेळ लागला नाही.

एप्रिलात परीक्षा झाली, तिची गोळी थांबली, जूनमध्ये निकाल लागला. शिवकन्या नापास.

ती मागच्या दारातच पायरीवर बसली. मोबाइलवर गुण दाखवले. भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र सगळ्यात वरच्या रांगेत. राज्यघटनेत साफ आपटलेली.

"मला कळंना झालंय काकू," ती म्हणाली. "प्रश्न वाचला की तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं. राज्यपालांचे अधिकार विचारलेत आणि मला तुमची नणंद आठवायलीय!" ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "पप्पांनी दोन वर्षं दिली होती. झाली दोन. सेलूचं स्थळ थांबलंय कधीचं, त्यांना हो कळवणारेत. परवाची गाडी आहे माझी."

मी गप्प बसले असते तर तिला जन्मात कळलं नसतं. ती सेलूला नांदायला गेली असती, पुण्यात एक चांगली काकू होती म्हणून माझी आठवण काढत राहिली असती. मला हवं होतं ते सगळं मिळत होतं. पण पोरीचा चेहरा बघवेना.

"शिवकन्ये, चहात लवंग मी घालत होते."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. "चुकून?"

"पहिल्या दिवशी चुकून."

"आणि मग?"

"मग तू मला ओळखायला लागलीस म्हणून."

मला वाटलं ओरडेल. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझं वर्ष खाल्लंत तुम्ही, काकू," ती म्हणाली आणि उठून गेली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाई चिडली, चिडायलाच हवं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हटलं, "मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीचं काय करता येईल ते सांगा." त्यावर ती थंड झाली. राज्यघटना नव्यानं वाचायची, जायफळाच्या वासावर. ते सोपं होतं. पण जुनी गाठ सोडवायला हवी होती, नाहीतर घटनेचं पान उघडलं की माझं स्वयंपाकघर येणारच.

"आठवण एकदा पूर्ण वर काढली ना काकू, की ती काही तास मऊ पडते. पुन्हा नीट बसायला तिला परत झोप लागते, चात्या लागतात. आमच्याकडे दुसरी एक गोळी आहे. ती कॅल्शियमचं तेच दार बंद करते. त्या झोपेत चात्या फिरतच नाहीत. मऊ पडलेली आठवण मग बसत नाही, विरून जाते. पण एक अडचण आहे. जेवढं वर येईल तेवढंच जाईल. जे आठवलंच नाही ते आत तसंच राहील. म्हणून सगळं आठवून देणारं माणूस समोर लागतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येते मी."

शिवकन्येच्या घरचा नंबर केंद्रातून घेतला. तिच्या वडिलांना फोन लावला. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. माणूस बहुतेक कामावर होता.

"तुम्हाला लेकरं आहेत का, बाई?"

"नाहीत."

"हं. माझ्याकडनं एकदा चुकीची लाइन चालू झाली होती. खांबावर आमचाच माणूस होता. वाचला तो. त्यानं मला काही म्हटलं नाही, म्हणून मीबी तुम्हाला म्हणत नाही. सेलूवाल्यांना सांगतो मी. एक वर्ष देतो. पर एकच."

केंद्रातल्या त्या खोलीत दोन खाटा, एक यंत्र आणि लवंगेचा वास. डॉक्टरबाईंनी सगळं समजावल्यावर शिवकन्येनं सही केली होती, आता खाटेवर ताठ बसली होती. डोक्याला तारा चिकटवलेल्या. माझ्याकडे बघायला तयार नाही. डॉक्टरबाई यंत्रापाशी. मी घरून चहा नेला होता. तिनं कप घेतला.

मग मीच सांगायला लागले. खोकल्यापासून सुरुवात केली. साखरेचा डबा सांगितला, तेल लावलेला दिवस सांगितला, पाणी सांडलं ते सांगितलं. संक्रांतीला तिनं मलाच तिळगूळ आणला आणि वाटेत निम्मा खाल्ला, ते सांगितलं. पापडाची गोष्ट सांगितली. ती तेव्हा हसली नाही, पण ओठ हलले. पायरीवर बसून रडली ते सांगितलं. मी लवंगेचं कबूल केलं तेही सांगितलं. तास-दीड तास मी बोलत होते. एकेक गोष्ट तोंडातून बाहेर पडत होती आणि ती तिच्याकडची शेवटची, हे मला कळत होतं.

"झालं सगळं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

एक राहिलं होतं. मार्चमधली गोष्ट. शिवकन्या झोपेतून उठून थेट माझ्याकडे आली होती, डोळे अर्धे मिटलेले. दारातूनच म्हणाली, "माय, चहा दे ना." मग कपाळाला हात लावून पाणी प्यायली आणि नेहमीसारखी काकू काकू करत बसली. आपण काय म्हणालो ते तिला कळलंही नसेल, असं मी समजून होते. मीही बोलले नव्हते. आता 'झालं' म्हटलं असतं तर एवढं एक तिच्यात राहिलं असतं. कुणाला कळणार होतं? यंत्राला थोडंच कळतं! पण जिच्यात माया असते तीच पुढे घुसते, हे बाईनंच मला सांगितलं होतं. पुढच्या एप्रिलात घटनेच्या पेपरात पोरीला नेमकी तीच आठवण नडली असती.

"एकदा तू मला माय म्हणालीस," मी म्हटलं. "मार्चमध्ये. झोपेत होतीस."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मला कळलं होतं तेव्हाच," ती म्हणाली. "तुम्ही काही म्हटला नाहीत, म्हणून मीबी गप बसले."

डॉक्टरबाईंनी गोळी आणि पाणी दिलं. शिवकन्या आडवी झाली.

"काकू, माझा राग गेला नाही अजून."

"असू दे. तोही जाईल आता."

तिनं डोळे मिटले. मी तिथं थांबायचं नव्हतं. ती उठेल तेव्हा समोर कुणी अनोळखी बाई नको, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी चहाचा कप उचलला आणि घरी आले.

मग ते वर्ष. शिवकन्या रोज इतरांबरोबर जेवायला यायची. कार्ड वाचायची, "गाडेकर काकू आपणच ना?" मी हो म्हणायची, वाढायची, पुढच्या ताटाकडे वळायची. मागच्या दाराला आतून कडी घातली, उन्हाळ्यात जीव उकडला तरी काढली नाही. तीन वाजता चहा करायचं मी सोडूनच दिलं. घरातली लवंग शेजारणीला देऊन टाकली. कधी ती पोरगी भात घेताना मान वर करून बघायची, आणि मला वाटायचं, आता काही म्हणेल. "थोडं वरण" म्हणायची. फार जड गेलं ते वर्ष. पण मी एक शब्द जास्तीचा बोलले नाही.

या जूनमध्ये निकाल लागला. त्या दिवशी दुपारी पुढच्या दारातून आवाज आला, चार घरं पलीकडे जाईल असा.

"आहे का कुणी घरात? पेढे घ्या!"

मी पदराला हात पुसत बाहेर आले. शिवकन्या उभी, हातात पेढ्यांचा खोका, पायाशी बॅग.

"मी शिवकन्या डाखोरे. समोर शिकत होते. पास झाले!"

"अभिनंदन गं!" मी म्हटलं. आवाज नीट निघाला, देवाची कृपा.

"दोन पेढे घ्या. अख्ख्या पुण्यात ओळखीचं एक माणूस नाही बघा माझ्या. म्हणून दिसेल त्या दारात वाटायलेय." असं म्हणून ती उंबऱ्यातच टेकली. "पाच वाजता गाडी आहे. पाय दुखायले, बसू का जरा?"

"बस की. गोळी चालू आहे का अजून तुझी?"

"छे! पेपर झाले तशी बंद. दोन महिने झाले. तवापासून गावीच होते, आज सामान न्यायला आले." ती आत डोकावून बघत होती. चाळीस ताटं धुऊन पालथी घातलेली. "एवढं सगळं तुम्ही एकट्याच करता? घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

सांगावं का, असं एकदा मनात आलं. सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं, बहुतेक बिचारीला वाईटही वाटलं असतं. आज आनंदाच्या दिवशी ते तिच्या गळ्यात कशाला घालायचं! मी पेढा तोंडात टाकला.

तिनं बॅग खांद्याला लावली, वाकून नमस्कार केला. "पोस्टिंग कुठंबी असू द्या काकू, मी येत जाईन तुम्हाला भेटायला," ती म्हणाली.

जाताना सगळेच असं म्हणतात. चोवीस वर्षांत किती जण म्हणाले आणि त्यातले किती आले, ते मला पक्कं ठाऊक आहे. ही येईल, न येईल. पण आपण असं म्हणालो होतो, हे या वेळी तिच्या लक्षात राहणार होतं.